किहीमचा पत्ता

१९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला एक बेकार माणूस शिडीवर बसून सुगरणींची घरटी न्याहाळत असे. नाव सालिम अली, वय तेहतीस. बर्लिनला एरविन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकून ते परतले, तोवर मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. बिऱ्हाड किहीमला हललं. हाताशी वेळ भरपूर होता आणि समोर एक वसाहत विणली जात होती.

त्यांना जे दिसलं ते तोवर कुणी नीट लिहिलेलं नव्हतं. घरटं विणतो तो नर. अर्धंमुर्धं झालं की थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून बघतात, ओढून बघतात. एखादीला पसंत पडलं तर ती ताबा घेते आणि मगच नर उरलेलं काम पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा बहाद्दर शेजारी दुसरं घरटं मांडायला मोकळा. मराठीने या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणून सारं श्रेय बाईच्या पदरात टाकलं. पक्ष्यांत मात्र विणकाम नराचं आणि पारख मादीची आहे.

या निरीक्षणांचा लेख १९३१ मध्ये छापून आला तो मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’च्या जर्नलमध्ये. श्ट्रेझमान स्वतः जर्मनीतल्या एका नामवंत पक्षिशास्त्रीय पत्रिकेचे संपादक होते. सालिम अलींना त्यांचं दार ठोठावणं अवघड नव्हतं. तरीही लेख गेला मुंबईला. पुढे १९६० मध्ये जॉन क्रुक नावाच्या इंग्रज संशोधकाने सुगरणीच्या प्रजननवर्तनावर मोठा लेख लिहिला, तोही याच जर्नलमध्ये छापला. इंग्लंडमध्ये त्याला छापायला जागा नव्हती असं थोडंच आहे? पण सुगरणीविषयी गंभीरपणे काही म्हणायचं तर ते जिथे वाचलं जातं तिथे म्हणावं, इतका साधा हिशेब त्यामागे असणार.

राष्ट्रीय शोधपत्रिका आंतरराष्ट्रीय कशाने होते, या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन तारखांच्या मधल्या एकोणतीस वर्षांत आहे. परका माणूस स्वतःच्या गरजेपोटी तुमच्या दारात आला, म्हणजे ती झाली. तो तुमच्या आमंत्रणाने आला तर ते संमेलन. त्याचं नाव संपादक मंडळाच्या यादीत छापलं तर ती सजावट.

सजावटीचा धंदा आपल्याकडे केवढा फोफावला हे प्राध्यापकांना सांगायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत बढतीसाठी गुणांची मोजदाद आणली, छापलेल्या निबंधाला गुण मिळू लागले, आणि बघता बघता ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ’ या तीन शब्दांनी सुरू होणाऱ्या पत्रिकांचं पीक आलं. रायगड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणारा माझा एक मित्र अशा पत्रिकेत छापून आला होता. पैसे भरले, चौथ्या दिवशी निबंध स्वीकारल्याचं पत्र, आठव्या दिवशी प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर पृथ्वीचा गोल होता. त्या निबंधावर परीक्षकाने काय म्हटलं, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “एकच सूचना होती. छायाचित्र पासपोर्ट आकाराचं पाठवा.”

आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी काढली. पुण्याच्या संशोधकांनी विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत आलेल्या पत्रिकांपैकी एक हजारावर तपासल्या आणि त्यांतल्या ८८ टक्के निकृष्ट दर्जाच्या असाव्यात, असा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका एका फटक्यात वगळल्या. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही गुंडाळल्याचं जाहीर झालं. यादीच्या जागी यादी आली, कारण रोग यादीत नव्हताच. लेखकाला वाचक नको होता, गुण हवे होते. वाचकच नको म्हटल्यावर पत्रिका कोणत्या देशाची आहे याने काय फरक पडतो?

खऱ्या पत्रिकांची नावं मात्र पाहा. किहीमचा लेख ज्यात आला तिच्या नावात एका शहराचं नाव आहे. शहराचं मुंबई झालं तरी संस्थेने जुनं ‘बॉम्बे’ सोडलेलं नाही. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीची पत्रिका जगभर पूज्य मानतात, तिच्या नावात ‘नॅशनल’ हाच शब्द आहे. भांडारकर संस्थेची ‘अ‍ॅनल्स’ १९१९ पासून पुण्याच्या एका संस्थेचं नाव मिरवते, आणि संस्कृतवर काम करणाऱ्या जर्मन वा जपानी माणसाला त्यात काही कमी वाटल्याचं ऐकिवात नाही. घराण्याला नाव असलं की दारावर ‘खानदानी’ अशी पाटी लावावी लागत नाही.

किहीमपासून जवळच अलिबागच्या समुद्रकाठी एक वेधशाळा आहे. पर्यटक तिच्या कुंपणाशेजारून किल्ल्याकडे जातात. आत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालते. इमारतीत लोखंड चालत नाही, म्हणून ती चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली. ही वेधशाळा मूळची मुंबईच्या कुलाब्याची. तिथे चुंबकीय मोजणी १८४१ मध्ये सुरू झाली. गॉटिंगेनच्या गाऊसने युरोपात सुरू केलेली एकाच वेळी ठिकठिकाणी मोजण्याची चळवळ तेव्हा जगभर पसरत होती.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक लखलखाट पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं, तारयंत्रं बिघडली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतली रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्यात तेव्हा छायाचित्रित नोंद नव्हती. माणूस दुर्बिणीतून काटा बघून आकडा लिहीत असे. एरवी तासाला एक नोंद. वादळ चढलं तशा त्या काही मिनिटांच्या अंतराने होऊ लागल्या. क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला, आणि तो कोसळताना कोणीतरी न उठता लिहीत बसला होता. ते आकडे रीतसर वार्षिक खंडात छापले गेले. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे १८९६ मध्ये या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी चर्चेसह १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केल्या.

पुढे नव्वद वर्षं १८५९ च्या त्या आकड्यांवर धूळ बसली म्हणायला हरकत नाही. मग उपग्रहांचं आणि विजेच्या जाळ्यांचं युग आलं. सूर्याचा सगळ्यात वाईट फटका केवढा असू शकतो, हा विमा कंपन्यांनाही पडणारा प्रश्न झाला. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ, आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व एस. अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या आकड्यांवरून १८५९ च्या वादळाची तीव्रता काढली. लगेच वाद झाला. इतरांनी तासाची सरासरी धरून ती बरीच कमी दाखवली. २०२२ मध्ये जपानी संशोधकांच्या पुढाकाराने मूळ वार्षिक खंड पुन्हा उघडले गेले आणि क्षेत्राचे तिन्ही घटक तपासले गेले. या वादात कोण जिंकलं यात मला फारसा रस नाही. वाद घालता आला यात आहे. पद्धत, वेळ आणि एकक छापलेलं होतं, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या कारकुनाचं काम एकविसाव्या शतकातल्या परक्याला तपासता आलं. निष्कर्ष शिळे होतात. नीट छापलेली नोंद शिळी होत नाही. आजच्या पत्रिका निष्कर्षांना पानं देतात आणि तक्ते जागेअभावी गाळतात, हे मला उलटं वाटतं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे आपलं काम चोख करा, जग आपोआप येईल. हे खोटं आहे, आणि ते खोटं ठरवणारा पुरावा आपल्याच घरातला आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातल्या कोसबेनचा, १९०७ चा. पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना १९४३ मध्ये त्यांनी ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या जर्नलमध्ये एक निबंध छापला. यदृच्छेने बदलणाऱ्या राशीची फोड ठरावीक फलांच्या बेरजेत कशी करावी, हा विषय. आज चित्रं साठवण्यापासून चेहरा ओळखण्यापर्यंत ही फोड लागते. जग तिला ‘कारुनेन-लोएव्ह’ म्हणतं. त्या दोघांचं काम कोसंबींनंतरचं. त्याच सुमारास कोसंबींनी जनुकांमधलं अंतर मोजण्याचं एक सूत्र लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये छापलं. ते चार पानांचं टिपण. पण आजही जनुकनकाशा काढणाऱ्या संगणकप्रणालीत पर्याय विचारला जातो: हाल्डेन की कोसंबी? माणूस एक, काळ एक. लंडनला छापलेल्या चार पानांवर नाव टिकलं, भारतात छापलेल्या मोठ्या निबंधावरून पुसलं गेलं.

इथे साम्राज्यवादाकडे बोट दाखवून थांबायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण कारुनेनने आपला मुख्य निबंध कुठे छापला? फिनलंडच्या विज्ञान अकादमीच्या ‘अ‍ॅनालेस’मध्ये, १९४७ साली, जर्मन भाषेत. एका लहान देशाची ती राष्ट्रीय पत्रिका, आणि भाषा नुकत्याच हरलेल्या देशाची. तरी नाव टिकलं. कारण मिशेल लोएव्ह पुढे बर्कलीला गेले, १९५५ मध्ये संभाव्यताशास्त्राचं त्यांचं पाठ्यपुस्तक आलं आणि पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी ते वाचून वाढले. कोसंबींच्या निबंधाला असा वाहक मिळाला नाही. ते स्वतः नाणी, शिलालेख आणि प्राचीन समाज यांच्याकडे वळले. विषयात शिष्यांची रांग मागे ठेवली नाही. त्याउलट सी. आर. राव यांचा १९४५ चा निबंध कोलकात्याच्या गणित सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला. ती पत्रिका काही मोठी जागतिक नव्हती. पण राव पुढच्याच वर्षी केंब्रिजला गेले, वर्षानुवर्षं त्याच विषयात राहिले, आणि संख्याशास्त्रातली दोन प्रमेयं आज त्यांच्या नावाने शिकवली जातात.

म्हणजे पत्रिका छापून संपत नाही. पोहोचवणं हे संपादनाइतकंच कष्टाचं काम आहे, आणि आपल्याकडे ते कमी प्रतीचं, टपालखात्याचं मानलं जातं. सी. व्ही. रामन यांनी तसं मानलं नाही. ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ त्यांनीच १९२६ मध्ये कोलकात्यात सुरू केलं होतं. १६ मार्च १९२८ च्या बंगळूरच्या व्याख्यानाचा मजकूर त्यांनी ३१ मार्चला त्यात छापून घेतला आणि सुट्या प्रती देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना टपालाने रवाना केल्या. मॉस्कोत लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम याच परिणामावर काम करत होते. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. त्यामागे अर्थातच पोस्टाची तिकिटं एवढंच कारण नव्हतं, पण तिकिटं नसती तर गोष्ट वेगळी झाली असती असं मला वाटतं.

मुंबईच्या जर्नललाही हे श्रेय-अपश्रेय लागू आहे. १८८६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा संपादक होते एडवर्ड एटकेन आणि रॉबर्ट स्टर्नडेल. पहिला मीठ-जकात खात्यातला नोकर. लिहिणारे चहाचे मळेवाले, जंगल अधिकारी, सैनिक. त्यांच्या बदल्या ब्रह्मदेशापासून एडनपर्यंत होत आणि अंक त्यांच्या मागे जाई. साम्राज्याने रस्ता आयता करून दिला होता हे कबूल केलं पाहिजे. पण साम्राज्य १९४७ मध्ये गेलं आणि क्रुक १९६० मध्ये आला. मधल्या काळात पत्रिका सातत्याने निघत राहिली, ‘किरकोळ नोंदी’ या सदरात एका परिच्छेदाचंही निरीक्षण छापत राहिली. आज तिचे जुने खंड जैवविविधतेच्या जागतिक डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचता येतात. इक्वेडोरमधल्या विद्यार्थ्याला १९३१ ची किहीमची सुगरण दोन मिनिटांत सापडते. आपल्या विद्यापीठांच्या कितीतरी पत्रिकांचा मात्र पाच वर्षांमागचा अंक त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात मागितला, तर कपाटाची किल्ली असलेला माणूस रजेवर असतो.

तिकडे सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका. अलिबागच्या विद्यार्थ्याला आता परदेशी अंक वाचता येतील, हे चांगलंच आहे. पण वाचण्यासाठी सहा हजार कोटी मोजणाऱ्या देशाने स्वतःच्या पत्रिकांना पूर्ण वेळ संपादक, चांगला मुद्रितशोधक आणि जुने अंक स्कॅन करणारा माणूस देण्यासाठी त्याचा शंभरावा भाग बाजूला काढला, तरी साठ कोटी होतात. हा हिशेब कोणी मांडताना दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय दिसण्याच्या हव्यासाने होणारं दुसरं नुकसान सूक्ष्म आहे. पेण, अलिबाग, उरणच्या खाडीकाठचा खारेपाट घ्या. भरतीचं पाणी अडवणारे बांध, पाणी सोडायच्या उघाड्या, बांधाला खांड गेली की गावाने मिळून ती भरण्याची जोळाची रीत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने या मातीसाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे भाताचे वाण काढले. आता यावर निबंध लिहिणारा तरुण काय करतो? शीर्षकातून खारेपाट काढतो आणि ‘उष्ण कटिबंधीय किनारी क्षारयुक्त मृदा’ असं काहीतरी घालतो. जोळ जाते, उघाडी जाते, कोणत्या गावचा बांध कोणत्या उधाणाला फुटला ते जातं. त्याला वाटतं, आता हे बांगलादेशातही वाचतील. पण समुद्र चढतोय म्हणून धास्तावलेल्या खुलन्याच्या किंवा मेकाँगच्या संशोधकाला क्षारयुक्त मृदेची व्याख्या नको आहे, ती त्याच्याकडे आहे. त्याला हवं आहे ते हेच, की सरकार येण्याआधी माणसं बांध कसे राखत होती आणि ती रीत मोडली कशाने. किहीमच्या शिडीवरून ‘आशियाई विणकर पक्ष्यांच्या वर्तनाचा सर्वसाधारण आढावा’ लिहिला असता, तर क्रुकला तो उघडायचं कारण नव्हतं.

उरला भाषेचा प्रश्न. इंग्रजीवाचून जगाशी बोलता येणार नाही, हे गणितात आणि भूचुंबकत्वात खरं आहे. इतिहासात ते अर्धंच खरं. वि. का. राजवाडे हट्टाने मराठीत लिहीत राहिले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यांनी काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. त्यांच्या सिद्धांतांतले कितीतरी आज हास्यास्पद वाटतात. पण त्यांनी आणि मंडळाने छापलेले कागद वाचण्यासाठी लोक मराठी शिकले. हिरोशी फुकाझावा हे जपानी इतिहासकार मराठी कागदांत शिरून दख्खनच्या शेतकऱ्यांवर आणि वतनांवर लिहीत होते; त्यांचं पुस्तक १९९१ मध्ये ऑक्सफर्डने काढलं. वस्तू दुसरीकडे मिळत नसेल तर गिऱ्हाईक भाषा शिकतं. मात्र प्रत्येक मराठी लेखाला एक पानाचा चांगला इंग्रजी सारांश जोडायला कोणाचा स्वाभिमान आड येतो, हे मला कळलेलं नाही. आंग्र्यांच्या आरमारावर मराठीत चांगलं लिहिलेलं लिस्बनच्या दप्तरखान्यात काम करणाऱ्या माणसाला निदान आहे एवढं तरी कळावं.

पत्रिकेच्या यशाचं माप म्हणून आज ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ सांगतात. एखाद्या पत्रिकेतल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांचा यंदा किती जणांनी संदर्भ घेतला, याची ती सरासरी. या मापाने मूस यांचा १९१० चा ग्रंथ १९१२ मध्येच नापास झाला असता. मूस स्वतः कोणत्या मापाने चालत होते ते त्यांच्या एका कृतीवरून कळतं. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे ठरलं, आणि त्या विजेने कुलाब्यातली चुंबकीय मोजणी बिघडणार हेही. म्हणून वेधशाळा अलिबागला हलवायचं ठरलं. गंमत म्हणजे एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्याला, कारण अलिबागचा किल्लाही कुलाबा आणि तेव्हाचा जिल्हाही कुलाबाच. अलिबागला १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. पण जुनी जागा लगेच बंद केली गेली नाही. दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, का तर दोन जागांमधला फरक कळावा आणि पुढे कधी कोणी साखळी जोडायला बसला तर त्याला सांधा सापडावा.

७ मे १९०७ ला मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. ३१ मार्च १९६४ ला शेवटची. अलिबागचे आकडे अजून रोज निघतात आणि ‘इंटरमॅग्नेट’ या जागतिक जाळ्यातून ज्याला हवे त्याला मिळतात.